कमलाकर नावाचा खेळाडू

ज्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं चारचौघांसमोर काही जिंकले, त्या खोलीला आंबलेल्या दुधाचा वास यायचा. तुळजापुरात बसस्टँडकडून देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं लॉज होतं. लॉज म्हणजे खाली-वर मिळून नऊ खोल्या, मागं आमचं राहायचं घर आणि पुढं रस्त्याला लागून एक शटरची खोली. ती खोली आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सहकारी दूध संस्थेला भाड्यानं दिली होती. आसपासच्या खेड्यांतलं दूध सकाळ-संध्याकाळ तिथं जमायचं. मग लागोपाठ पावसानं दगा दिला, लोकांनी जनावरं बाजाराला काढली, आधी संध्याकाळचं दूध थांबलं, मग सकाळचं. शेवटी संस्थेचा सेक्रेटरी कॅन आणि वजनकाटा घेऊन गेला, पाटी तेवढी ठेवून गेला. आईनं फरशी सोड्यानं घासली, आत्यानं धूप घातला, पण वास काही गेला नाही. आजही फ्रीजमध्ये दूध नासलं की माझी बोटं आपोआप आखडतात.

लॉजचा धंदा खोल्यांवर नाही, पाण्यावर चालतो, हे दुष्काळानं आम्हांला शिकवलं. देवीला आलेला माणूस आधी आंघोळ मागतो. टँकर एक दिवसाआड यायचा आणि त्यातही आमच्या वाट्याला हौद अर्धाच भरायचा. आण्णा माणशी एक बादली देत. त्यावरून रोज भांडणं. लातूरकडची एक बाई तर आण्णांना म्हणाली होती, "आवो मालक, ह्या बादलीत निसते पाय धुतले तर तोंड कशानं धुवू?" आण्णा कुणाशी चढ्या आवाजात बोलत नसत. ते म्हणाले, "आधी तोंड धुवा, तेच पाणी पायावर घ्या." ते खरंच तसं करत होते. आमच्या घरात भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसत, आणि पालेभाजी मिळेनाशी झाल्यापासून जेवणात रोज येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्याच्या पिठाची आमटी, ज्वारीची भाकरी आणि आत्यानं कुटलेली शेंगाची चटणी. आत्या आण्णांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडंच होती आणि घरातलं शेवटचं वाक्य तिचं असायचं.

माझा भाऊ विलास, त्याला मी दादा म्हणायची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो एके दिवशी जेवताना म्हणाला, "आण्णा, ज्याला पाणी लागत न्हाय असा धंदा बगायला पायजे." आम्ही हसलो. पंधरवड्यात तो सोलापूरहून टेम्पोत एक मशीन घेऊन आला, निम्म्या भागीदारीवर.

ती माणसाएवढ्या उंचीची लाकडी पेटी होती. पुढं टीव्हीसारखी काच, खाली काळा दांडा आणि दोन बटणं. टोकन टाकलं की काचेवर काळोख पसरायचा आणि त्यात तुमचं एक पांढरं विमान, वरून किडामुंग्यांसारखी येणारी शत्रूची विमानं. आवाज असा, की पहाटे देवळात चौघडा वाजत असला तरी मला आधी मशीनच ऐकू यायचं. सोलापूरच्या मालकाचा मिस्त्री रज्जाकभाई आठवड्यातून एकदा येई. तो पेटीच्या मागची फळी काढून आतली हिरवी पाटी बदलायचा, की त्याच पेटीत दुसरा खेळ सुरू. कधी चक्रव्यूहात दाणे खात पळणारं तोंड, कधी मोटारींची शर्यत. "पेटी वोइच बेटी, पाटी बदली की खेळ बदलला," तो म्हणायचा. पण लोकांना विमानाचाच खेळ आवडला आणि बाकीच्या पाट्या परत गेल्या.

मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. दादा एका जागी बसणारा नव्हता आणि माझा हिशोब चुकत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून टोकनांच्या गल्ल्यावर मला बसवलं. गल्ला शटरच्या आत एका कोपऱ्यात, पुढं पडद्यासारखी जुनी सतरंजी टांगलेली. खेळणाऱ्याला फक्त माझा हात दिसावा अशी आत्याची व्यवस्था होती. मला मात्र सतरंजीच्या फटीतून काच सबंध दिसायची.

दिवसभर दुसऱ्यांचे खेळ बघून आठ-दहा दिवसांत माझ्या लक्षात आलं, की विमानं मनाला येईल तशी येत नाहीत. पहिली झुंड डावीकडून, मग वळसा, मग दोन मधोमध तुटून खाली. रोज तेच, प्रत्येकाला तेच. पोरं म्हणायची, "आज मशीन लई खवळलंय." मशीन खवळत नव्हतं. ते आपली उजळणी म्हणत होतं. बक्षिसाचं तांबडं विमान कधी येणार हेसुद्धा आपण किती गोळ्या झाडल्या त्यावर ठरायचं. तो आकडा मी काढला होता. आजही सांगू शकते, पण आता तो कुणाला हवाय.

माझा मुलगा हल्ली रात्री जेवण झालं की कानाला हेडफोन लावून ऑनलाइन खेळतो. एकदा त्यानं मला समजावून सांगितलं होतं. कुठल्या खेळात शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी एक उरतो, कुठल्या खेळात गावं वसवून राज्य वाढवायचं असतं, कुठल्यात पाळीपाळीनं चाल करायची. प्रत्येकाच्या हाताची हालचाल दूरच्या कुठल्याशा सर्व्हरवर जाते, तो ठरवतो कोण मेलं आणि कोण वाचलं, आणि मग ते सगळ्यांच्या पडद्यावर दिसतं. जाण्यायेण्याला उशीर झाला की आपण मेलेलं आपल्यालाच मागाहून कळतं. मी म्हणाले, "म्हणजे खरा खेळ तिकडंच चालतो, तुझ्या पुढ्यात नुसतं चित्र येतं." तो म्हणाला, "हां, तसंच." तेवढ्यात त्याचा डाव सुरू झाला. मला पुढं आणखी विचारायचं होतं.

विचारायची सवय जुनी. रज्जाकभाईनं फळी काढली की मी सतरंजीमागून उठून जायची. पाटीवरच्या ह्या काळ्या किड्यात काय असतं? विमानानं वळायचं हे त्यात कुठं लिहिलेलं असतं? दांडा हलवला की आतल्या चार बारीक बटणांतलं एक दबतं आणि कट असा आवाज येतो, इथपर्यंत त्याला सांगता यायचं. त्यापुढं तो हात जोडायचा. "वो बनानेवाले को मालूम. अपन बदलनेवाले." शाळेतल्या गणिताच्या बाईंनी सांगितलं होतं, की सोलापूरला मुलींच्या पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा दहावीवर करता येतो. राहायची सोय आहे. मी त्या उन्हाळ्यात दुसरं काहीही मागत नव्हते. साडी नाही, घड्याळ नाही. मला तिथं जायचं होतं.

दादानं हे हेरलं. मशीन खेळात पहिल्या दहांचे आकडे दाखवायचं, नावाची तीन इंग्रजी अक्षरं घालून. एका पहाटे शटर उघडायच्या आधी मी सहज खेळले आणि सगळ्यात वर के, एम, एल अशी अक्षरं लागली. कमल. दिवसभर पोरं तो आकडा बघून चक्रावली. तो मोडायला म्हणून प्रत्येकानं आणखी टोकनं घेतली. पण मशीनला आठवण नव्हती. लाइट गेली की सगळी नावं पुसून जायची, आणि लाइट रोज जायची. म्हणून दादा मला पहाटे उठवायला लागला. "कमे, ऊठ. आकडा लावून ठेव." शटर खाली ओढून, आतून कडी लावून मी खेळायची. बाहेर रस्त्यावरून कवड्यांच्या माळा घातलेले लोक 'आई राजा उदो उदो' म्हणत देवळाकडं जात असायचे. आकडा लागला की मी चूल पेटवायला आत. आठवड्याभरानं मी दादाला विचारलं, "पॉलिटेक्निकचं आण्णांना कोण सांगणार?" तो म्हणाला, "तू चैत्रीच्या यात्रेपतुर आकडा लाव. आण्णाला म्या राजी करतो. भवानीची आन."

"हा के एम एल कोण हाय रं?" पोरं विचारायला लागली, तेव्हा दादानं सांगून टाकलं, "आमचा सोलापूरचा चुलतभाऊ. कमलाकर." आम्हांला सोलापुरात कुणी चुलतभाऊ नव्हता. पण नाव चाललं. मी सतरंजीमागं बसून कमलाकर वाढताना ऐकला. तो गिरणीत रात्रपाळी करतो आणि पहिल्या एस.टी.नं येऊन खेळून जातो. तो डावखुरा आहे. त्यानं मुंबईत एक मशीन खेळून खेळून जाळलं. एकानं तर त्याला स्टँडवर बघितलंही होतं, "गोरा हाय, केस अमिताभवानी." मी त्याला टोकनं मोजून दिली. घरात हे फक्त आईला कळलं. ती भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, "तुझा कमलाकर काय म्हणतोय?" आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. त्या उन्हाळ्यातलं माझं हसणं एवढंच.

चैत्री पौर्णिमेला गाव माणसांनी फुटायला आलं होतं. दुपारच्या उन्हात कुर्डूवाडीचा बबन नावाचा एक मुलगा चार दोस्त घेऊन आमच्या खोलीत आला. त्यानं कमलाकरचं नाव तिकडं ऐकलं होतं. बबननं खिशातून रुमाल काढून दांडा पुसला, खेळला, आणि खरंच चांगला खेळला. माझा आकडा मोडला नाही, पण जवळ गेला. मग वळून दादाला म्हणाला, "बोलवा तुमच्या कमलाकरला."

"यायलाय तो. वाटंत आसंल," दादा म्हणाला.

"कवाच्यान यायलाय? पायी निघालाय का?"

खोली हसली. दादाच्या कपाळावर घाम. कुणीतरी म्हणालं, "विल्या, एकदा तोंड तर दाव त्याचं." बबननं मशीनवर थाप मारली. "म्या सांगतो कमलाकर कोण हाय ते. ही पेटीच कमलाकर हाय. आकडा मिस्त्रीकडून आतच बसवून आणलाय. गिऱ्हाईक फसवायचं काम चाललंय इथं. खोटा हाय आकडा."

"खोटा! खोटा!" मागची पोरं ओरडायला लागली. "पैसं परत करा!"

मला कमलाकरचं काही वाटलं नव्हतं. त्याचं श्रेय त्याला जाऊ दे, तो तर नव्हताच. पण आकडा खोटा नव्हता. त्यातलं एकेक विमान मी पाडलेलं होतं. हिशोबाच्या माणसाला चोर म्हटलेलं एक वेळ चालतं, बेरीज खोटी म्हटलेली चालत नाही. मी सतरंजी बाजूला केली. दादानं माझ्याकडं बघितलं. तो नको म्हणाला नाही. तो मशीनपासून बाजूला झाला आणि जागा करून दिली. हे मी नीट लिहून ठेवते, कारण पुढं त्यानं ते वेगळं सांगितलं.

मी पदर खोचला आणि टोकन टाकलं. आधी हशा झाला. "बाई खेळायलीय, बाई!" मग पहिली झुंड संपली, दुसरी संपली, तांबडं विमान आलं आणि मी ते वाट बघत असल्यासारखं टिपलं. मागचा आवाज कमी होत गेला. शेवटी खोलीत फक्त मशीन वाजत होतं आणि कुणाचातरी श्वास माझ्या खांद्यामागं लागत होता. आकडा मी त्या पहाटेच्या पुढं नेला आणि मग विमान मुद्दाम मरू दिलं, कारण आमटी करायची होती. अक्षरं घातली. के. एम. एल. बबन माझ्याकडं नाही, माझ्या हाताकडं बघत होता. "कमलाकर तुमीच व्हय?" त्यानं विचारलं. त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती. मी म्हणाले, "कमल." मग टाळ्या वाजल्या. एकानं शिट्टी मारली. त्या शिट्टीनं सगळं संपलं, पण ते मला त्या क्षणी कळलं नाही. त्या क्षणी मला इतकं बरं वाटत होतं, की आजही ते आठवायचं मी टाळते.

संध्याकाळपर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात एकच विषय. लॉजवाल्याची पोरगी गड्यांच्या घोळक्यात उभी राहून खेळती, शिट्ट्या वाजत्यात. आत्यानं मला चुलीपुढं बसवून जाब विचारला. दादा उंबऱ्यात उभा होता. "म्या कुठं सांगितलं? तीच उठली," तो म्हणाला. मी म्हणाले, "पहाटे कोण उठवत होतं?" आमच्या गावात एका मठात रोज सारीपाट मांडून ठेवतात आणि देवी स्वतः तिथं खेळायला येते, अशी लोकांची श्रद्धा आहे. आई कधी मध्ये बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली, "वन्सं, भवानी बी मठात जाऊन खेळतीच की. तिला कुणी न्हाय इचारत."

आत्या म्हणाली, "ती देवी हाय. तिचं लगीन व्हायचं ऱ्हायलं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून गल्ल्यावर दादा बसला. शटरच्या खोलीत मला जायला बंदी झाली, मशीनला नाही. उलट त्या महिन्यात मशीन कधी चाललं नव्हतं तेवढं चाललं. 'ती पोरगी' कुठं आहे, हे विचारत लांबलांबून पोरं यायची आणि आलीच आहेत तर खेळून जायची. दादानं दुसरं मशीन आणायची बोलणी सुरू केली. मी मागच्या घरात बसून मशीनचे आवाज ऐकायची. आवाजावरून मला कळायचं की खेळणारा कुठल्या झुंडीला मरणार.

जूनमध्ये निकाल लागला. मी शाळेत पहिली आले. गणिताच्या बाई पेढे घेऊन घरी आल्या, पॉलिटेक्निकचा अर्ज त्यांनीच आणला होता. पालकांची सही तेवढी राहिली होती. त्या गेल्यावर मी अर्ज आण्णांच्या पुढं ठेवला. ते सोप्यात बसून हौदाच्या नळाला सुतळी गुंडाळत होते. दादा शेजारीच दांड्याची वाकलेली स्प्रिंग सरळ करत होता. मी त्याच्याकडं बघितलं. बोलायची हीच वेळ होती. तो म्हणाला, "शटर उगडायची येळ झाली," आणि स्प्रिंग घेऊन उठून गेला.

आण्णांनी अर्ज हातात घेतला नाही, पण वाचला. मग विचारलं, "तिथं काय शिकवत्यात?"

"मशीन कसं चालतं ते."

"ते तर तुला येतंय की. सगळ्या गावानं बघितलंय."

"मला खेळ येतो, आण्णा. मशीन न्हाय येत. म्हणून तर जायचंय."

त्यांनी नळाला सुतळीचा आणखी एक वेढा दिला. माझे वडील दुष्ट नव्हते. तसे असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "तुला खेळ आला नसता, तर मी पाठवलं असतं बग. नक्की पाठवलं असतं. आता सोलापुरात तुला एकटी ठेवली, तर ज्यांनी शिट्ट्या मारल्या ती समदी म्हणतील, बघा, मोकळी सोडली." त्यांनी सुतळीची गाठ दातांनी आवळली आणि अर्ज माझ्याकडं सरकवला. "उद्या लोहाऱ्याची मंडळी येणार हैत तुला बघाया. पोरगा सूतगिरणीत कायम हाय. आत्याला इचार, काय काय लागतंय."

मी अर्ज उचलून आत गेले आणि आत्याला विचारलं. रवा आणि सुपारी लागणार होती. रवा घरात होता. सुपारी आणायला मीच गेले.